पोटची शेजारीण

आमच्या संस्थेत म्हाताऱ्या माणसाला मोफत खाट हवी असेल तर एकच लायकी लागते. त्याला जगात कुणी असता कामा नये. नवरा नको, बायको नको, मुलगा नको, आणि मुलगी तर मुळीच नको. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर ‘हयात जवळचे नातेवाईक’ असा एक चौकोन आहे. त्यात ‘कोणी नाही’ असं लिहिलं की दार उघडतं. एखाद्या भोळ्या माणसाने खरं लिहिलं, की एक मुलगी आहे, तर आमच्या मॅडम चष्मा काढून गोड आवाजात विचारतात, “अहो, मग यांना आमची काय गरज?” बावीस वर्षं मी हे ऐकतेय. मुलगी म्हणजे जणू दवाखाना, स्वयंपाकघर आणि पहारेकरी एकाच जिवात कोंबून ठेवलेले असतात.

मी इथली सगळ्यांत जुनी सेविका. मला मोठ्या बाई म्हणतात. वयाने म्हणतात की जिभेने, ते मी विचारत नाही. माझ्याकडे वरचा मजला आहे, विसरणाऱ्यांचा. अठरा खाटा, दोन न्हाणीघरं, एक लांब व्हरांडा, आणि जिन्यापाशी एक दार, ज्याची किल्ली कायम माझ्या कमरेला.

वरच्या मजल्यावर काम करायची आमची एक पद्धत आहे. विसरलेलं माणूस एकच प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतं. सकाळची बाई एक उत्तर देणार, दुपारची दुसरं, रात्रीची तिसरंच काहीतरी ठोकून देणार, आणि मग ते माणूस बिथरतं. म्हणून सेविकांच्या खोलीत एक फळा टांगलाय. खाटेचा नंबर, प्रश्न आणि ठरलेलं उत्तर. चार नंबर विचारतात, “माझी गाडी आली का?” उत्तर: “पाऊण तास उशीर आहे, तोवर चहा घ्या.” नऊ नंबर विचारतात, “हे जेवले का?” त्यांचे ‘हे’ जाऊन अकरा वर्षं झाली. उत्तर: “जेवून झोपलेत.” तिन्ही पाळ्यांनी तेच सांगायचं, त्याच शब्दांत. नवीन मुली आल्या की त्यांना हे खोटं बोलणं वाटतं. मी त्यांना सांगते, वाटू दे. आठवड्यात सवय होते.

बारा नंबरच्या आजी आल्या त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताला भाजल्याचा मोठा फोड होता. त्यांना घेऊन आली होती एक चाळिशीची बाई. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली. गणवेश शिवायच्या कारखान्यात काज-बटणाला होती ती. म्हणाली, “मी शेजारी राहते यांच्या. यांचं कुणी नाही. गॅस चालू ठेवतात, दार उघडं टाकून कुठेही जातात. म्हटलं, काही बरंवाईट व्हायच्या आत...” चौकोनात तिनेच ‘कोणी नाही’ लिहिलं. अक्षर सुबक होतं, पण लिहिताना तिने पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

आजींना आम्ही कडीआजी म्हणू लागलो, कारण त्यांना कुठलंही दार दिसलं की त्या त्याची कडी हलवून बघायच्या. कपाटाची, न्हाणीघराची, औषधांच्या कपाटाचीसुद्धा. दार उघडलं तरी बाहेर जायच्या नाहीत. उघडतंय एवढं बघून परत यायच्या. आम्ही हसायचो. कुणालाही हसण्याआधी जरा थांबावं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या आठवड्यात त्यांचा प्रश्न ठरला. “माझी मुलगी कुठंय?” मी फाईल काढून बघितली. कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, “भ्रम असतो असा. कुणाची तरी मुलगी आठवत असेल.” आता, मुलगी नाहीच असं सांगितलं तर त्या रडायच्या, आणि येतेय म्हटलं तर जिन्याच्या दाराला चिकटून बसायच्या. मी दोन दिवस विचार केला आणि फळ्यावर लिहिलं: “लांब गेली आहे. सुखात आहे.” मला त्या उत्तराचा चक्क अभिमान वाटला होता. कुठलीही आई ‘सुखात आहे’ म्हटल्यावर गप्प बसते. कडीआजीही बसल्या.

शेजारीण दर मंगळवारी यायची. मंगळवारी तिला सुट्टी. सुरुवातीला आजी तिला बघून उठायच्या, दोन्ही हात पुढे करून “आलीस बाळे?” म्हणायच्या. ती पटकन इकडेतिकडे बघायची आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “आजी, मी शेजारची. ओळखलंत ना?” आजींचे हात तसेच राहायचे. मग त्या आमच्याकडे बघायच्या, की बाई, तुम्ही तरी सांगा. आणि आम्ही सांगायचो, तेही ठरलेलं: मुलगी लांब गेली आहे. सुखात आहे.

दोन्हीकडून रेटल्यावर माणूस किती दिवस उभं राहील? चार-सहा महिन्यांत आजी तिला बघून उठेनाशा झाल्या. “शेजारची आली,” एवढंच म्हणायच्या. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं, त्यांच्या डोक्यात ही एक नवी गोष्ट मात्र पक्की बसली. शिवाय त्यांनी आमच्या उत्तराला स्वतःचं एक वाक्य जोडलं. आम्ही म्हणायचो, “लांब गेली आहे, सुखात आहे.” त्या मान डोलवायच्या आणि पुढे म्हणायच्या, “मला नाही नेलं.”

मला कळलं ते पायांच्या नखांमुळे. बाहेरून येणारे भले लोक आमच्याकडे पुष्कळ येतात. गाणी म्हणतात, फुगे लावतात, म्हाताऱ्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. म्हाताऱ्या माणसाच्या पायांची नखं कापायला आजतागायत कुणी आलेलं नाही. शेजारीण त्या मंगळवारी जमिनीवर बसून आजींचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होती. आजींच्या उजव्या करंगळीला एक कुरूप आहे, तिथे जरा हात लागला तरी त्या किंचाळतात. आमच्या मुलींनी दोनदा लाथ खाल्लीय. ही माझ्याशी बोलत होती, नजर माझ्याकडे, आणि बोटं त्या कुरुपाला वळसा घालून बरोबर पुढे गेली. मी त्या दोघींच्या हनुवट्या बघितल्या. इतके दिवस मी काय आंधळी होते?

मी तिला कपड्यांच्या खोलीत नेलं. चादरींच्या थप्प्यांमध्ये दोघी उभ्या.

“सख्खी आई ना?” मी विचारलं.

ती वरच्या चादरीची घडी उगाच सारखी करत राहिली.

“अगं, तोंड उघड. मी काय तुला खातेय?”

“काढाल तिला?” तिने विचारलं.

“आधी बोल.”

मग ती बोलली, भराभर. घरी दोघीच. कारखान्यात बारा-बारा तास. सुरुवातीला शेजारणीच्या भरवशावर ठेवून जायची, खरीखुरी शेजारीण, पण ती तरी किती दिवस बघणार. मग बाहेरून कुलूप लावून जाऊ लागली. संध्याकाळी येऊन बघायची तर आई दाराशी बसलेली, कडी धरून. एक दिवस आईने आतून गॅस पेटवला, हात भाजला, शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं. “पोलिसात देऊ म्हणाले मला. बरोबरच आहे त्यांचं. आईला कोंडणारी मुलगी आहे मी. इथे आले तेव्हा आधी खरं लिहिलं होतं हो. तो फॉर्म तुमच्या मॅडमनी आतूनच परत पाठवला, माझं तोंडही बघितलं नाही. बाहेर बाकावर बसून दुसरा भरला.”

मला राग आला. तिचा, मॅडमचा, त्या चौकोनाचा, आणि इतके दिवस कडीआजी कडीआजी करून हसत होते त्या माझा. पण राग आला की मला फक्त खेकसता येतं. “डोळे पूस,” मी म्हटलं. “मला काही दिसलेलं नाही. माझा चष्मा घरी राहिलाय.”

जाता जाता ती थांबली. “बाई, एक कराल? फळ्यावरचं ते उत्तर बदला ना. आईला वाटतं, मी टाकून गेले.”

“काय लिहू?”

“मंगळवारी येते, असं.”

मी लिहिलं. खरंच लिहिलं, खडू घेऊन, ठसठशीत. दोन दिवस सगळ्यांनी तसं सांगितलं. त्या दोन दिवसांत आजींचं ते तिसरं वाक्य बंद झालं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिसऱ्या दिवशी मॅडम वर आल्या आणि फळ्यासमोर थबकल्या.

“मोठ्या बाई, बारा नंबरला मुलगी कुठून आली? फाईलला तर कुणी नाही.”

“भ्रम आहे, मॅडम. जरा बरं वाटावं म्हणून—”

“वार सांगायचा नाही, हा नियम तुम्हीच केलात ना? वार सांगितला की माणूस वाट बघतं.” आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून, “की खरंच कुणी आहे?”

तिथे मी बोलू शकले असते. बावीस वर्षांच्या नोकरीत तेवढं वजन तर नक्कीच असतं माणसाला. निदान एवढं म्हणता आलं असतं, की मॅडम, मुलगी आहे आणि तिला जमत नाहीये, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण खाली खाटेची वाट बघणाऱ्यांच्या यादीत तेव्हा चाळीस नावं होती, आणि मुलगी निघाली तर बारा नंबर पंधरा दिवसांत रिकामी होणार, हेही मला पाठ होतं. मी “नाही हो, कोण असणार?” म्हटलं. मॅडमनी स्वतःच्या हाताने पुसून पुन्हा जुनं लिहिलं. लांब गेली आहे. सुखात आहे.

त्यानंतर वर्षभर मुलगी येत राहिली, शेजारीण म्हणून. आणि तिचं ते नेमाने येणंच तिच्या अंगाशी आलं. संस्थेच्या वार्षिक समारंभात बाहेरच्या एका भल्या माणसाला ‘आदर्श स्नेही’ म्हणून मानपत्र द्यायची पद्धत आहे. मॅडमनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही चाळली आणि त्यांना साक्षात्कार झाला. दीड वर्षात एकही मंगळवार न चुकवणारी शेजारीण! नात्याची ना गोत्याची!

ती माझ्याकडे धावत आली. “बाई, मला नको ते मानपत्र.”

“नाही म्हणालीस तर का नको विचारतील. घरी येतील समजूत काढायला, फोटोवाल्याला घेऊन. आणि मग खरी शेजारीण दार उघडून सगळं सांगेल,” मी म्हटलं. “गप उभी राहा, हार घालून घे, कागद घे आणि ये. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.”

समारंभ खाली जेवणाच्या मोठ्या खोलीत होता, दुपारी चारला. वरच्या मजल्यावरच्या ज्यांना बसवत होतं त्यांना आम्ही खाली आणलं. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, सगळ्यांत पुढची रांग. कडीआजी खुर्चीच्या हातावर हात ठेवून शहाण्यासारख्या बसल्या. मी त्यांच्या मागे उभी. मागे दोनशे पाहुणे असतील. ज्यांच्या देणग्यांवर आमची भांडी घासली जातात, ती सगळी मंडळी.

अध्यक्षांना माइक मिळाला की त्यांच्या हातून तो सोडवायला लागतो. ते आजच्या पिढीवर बोलले, माणुसकीवर बोलले, मग शेजारणीला मंचावर बोलावून तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ह्या बहिणीचं रक्ताचं काही नातं नाही. बारा नंबरच्या आजी रोज एका मुलीची वाट बघतात. खरं म्हणजे अशी मुलगी नाहीच, तो बिचाऱ्यांचा भ्रम आहे. पण मी म्हणतो, असती! असती, तरी तिने एवढं केलं असतं का? पोटची पोरं काय करतात, ते आपण बघतोच आहोत!” लोक हसले. काही जणी माना हलवून ‘खरंय, खरंय’ म्हणाल्या. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

तिथेच मानपत्र देऊन मोकळं व्हायचं की नाही? पण अध्यक्षांना रंग चढला होता. ते माइक घेऊन खाली उतरले आणि कडीआजींपुढे वाकले. “आजी, त्या कोण आहेत, ओळखलंत?”

“शेजारची,” आजी म्हणाल्या. आवाज सगळ्या खोलीत घुमला.

“कशी आहे शेजारची?”

“गुणाची आहे. नखं कापते.” आजी जरा थांबल्या. “माझी असती तर बरं झालं असतं. माझी लांब गेलीय. सुखात आहे. मला नाही नेलं.”

मागच्या रांगांतून च् च् असा आवाज आला. कुणीतरी नाक शिंकरलं. अध्यक्ष डोळे टिपत वर गेले आणि माइक तिच्या हातात देत म्हणाले, “बोला ताई, दोन शब्द.”

तिने माइक धरला. मला वाटलं, आभार मानेल आणि उतरेल. ती म्हणाली, “मी शेजारीण नाही.” मग खाली आईकडे बघून, “मी हिची मुलगी आहे. पोटची मुलगी. मी कुठेच गेले नव्हते.”

कुणाला काय समजावं ते कळेना. पहिल्यांदा हललेली मान मॅडमची होती. मंचावरून त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात फळ्यावरचा तो ‘मंगळवार’ होता. तीही माझ्याकडेच बघत होती. खोलीतल्या दोनशे माणसांत तिची साक्ष देणारी मी एकटी. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. दीड वर्षाने ती पुन्हा मुलगी झाली असती. आणि पंधरा दिवसांनी आई पुन्हा कुलपाआड.

मी टाळ्या वाजवल्या.

जोरात वाजवल्या, हात वर करून, जशा गाणं संपल्यावर वाजवतात. माझ्या शेजारच्या दोन सेविकांनी माझं बघून वाजवल्या. मग पुढची रांग, मग मागची, आणि मग सगळी खोली उभी राहिली. ती माइकमध्ये काहीतरी म्हणत होती, “नाही, अहो, खरंच—” पण ते कुणाला ऐकू जातंय! अध्यक्षांनी तिच्या हातून माइक घेतला. “याला म्हणतात माया! म्हणते, मीच हिची मुलगी! ऐका, पोटच्या पोरींनो, ऐका!” मॅडमच्या चेहऱ्यावरची आठी विरली, आणि त्याही वाजवू लागल्या. कडीआजींना टाळ्या फार आवडतात. त्या हसत हसत सगळ्यांबरोबर वाजवत होत्या.

ती मानपत्र घेऊन खाली आली तेव्हा आजींनी तिचा हात धरला. “छान बोललीस गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलीला असं बोलता आलं असतं, तर काय हवं होतं?”

नंतर ती मला भांडी घासायच्या मोरीपाशी भेटली. पाहुण्यांना चहा चालला होता. मानपत्र तिने गुंडाळी करून काखेत धरलं होतं. माझी उत्तरं तयार होती: खाट वाचली, अगं, तुझ्याचसाठी केलं, तू संतापाच्या भरात काय करून बसली होतीस, तुझी आई रात्री कुठे निजली असती? ती चिडली असती तर मी सगळी दिली असती. पण ती चिडलीच नाही.

“तुम्ही बरोबर केलंत, बाई,” ती म्हणाली. “खाट राहिली.”

“राहिली ना.”

“हो.” तिने नळ सोडला, हात धुतले, ओल्या हातांनीच तोंड पुसलं. “फक्त एवढंच, की आयुष्यात एकदाच धीर झाला होता. आता पुन्हा म्हटलं तरी लोक टाळ्याच वाजवणार.”